जुन्या मालिकांच्या चुका पुसायच्या की ठेवायच्या?

नमस्कार मंडळी. ‘मॅड मेन’ मालिकेतला एक प्रसंग घेऊ. रॉजर स्टर्लिंग जिने चढून धापा टाकत ऑफिसात येतो आणि सगळ्यांसमोर ओकतो. डिसेंबर २०२५ मध्ये एचबीओ मॅक्सवर ही मालिका फोर-केमध्ये, म्हणजे खूप जास्त स्पष्ट चित्रात आली, आणि त्या प्रसंगात फ्रेमच्या कडेला खोट्या उलटीचा पाइप सांभाळणारे क्रूमधले दोघे चक्क दिसत होते! २००७ च्या प्रसारणात ते नव्हते, कारण एडिटिंगनंतर त्यांना पुसलं होतं. ते पुसण्याचं काम नव्या प्रतीत आलंच नाही.

ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी होती, आणि झालीही. कारण ती मूळ मालिकेची नव्हतीच.

माझं म्हणणं असं: तेव्हाच्या प्रेक्षकाला घरच्या टीव्हीवर जे दिसलं, ते तसंच राहू द्या. जे नव्या प्रतीमुळे उघडं पडलं, ते झाका.

जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या झाकूनच दाखवायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. कॅमेरामनला हे माहीत असायचं, त्यामुळे अगदी कडेला बूम माइक (लांब दांड्यावरचा माइक) डोकावला तरी टेक चालून जायचा. शिवाय चित्र ४:३ चं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, जवळपास चौकोनी. फिल्मवर शूट झालेल्या मालिकांच्या निगेटिव्हवर बाजूला बरेचदा जास्तीची जागा असते, आणि तिथे लाइट, स्टँड, माणसं असू शकतात. आजच्या रुंद टीव्हीसाठी चित्र १६:९ करायला ती जागा उघडली, की सगळं बाहेर. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’च्या एचडी प्रतीत हेच झालं. क्रू दिसला. वर दिवसा शूट करून, रंग बदलून रात्रीचे केलेले काही प्रसंग पुन्हा भरदिवसाचे झाले. आणि तेही उन्हात जळणाऱ्या व्हॅम्पायरच्या गोष्टीत! तिथे कथाच मोडते.

उलटा प्रकार ‘साइनफेल्ड’चा. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या प्रतीत चित्र १६:९ करायला वरून-खालून कापलंय. एका भागाचं नावच ‘द पॉटहोल’, आणि जॉर्ज खाली बघून ज्या खड्ड्याबद्दल बोलतोय, तो खड्डाच फ्रेमबाहेर गेला.

आता खऱ्या चुका. कट बदलला की ग्लासातलं पाणी कमी-जास्त होतं, दार आपटलं की सेटची भिंत हलते. या राहू द्या, मनापासून सांगतो. एडिटरला ग्लास दिसत नव्हता असं थोडंच आहे? त्या टेकमध्ये नटाचा चेहरा बरोबर लागला होता, म्हणून त्यानं तो घेतला. त्या हलणाऱ्या भिंतीवरून कळतं, किती घाईत आणि किती कमी पैशांत ही माणसं काम करत होती.

आणि बदल करायचाच असेल, तर जुनी प्रतही द्या. मूळ ‘स्टार ट्रेक’साठी २००६ पासून संगणकावर नवी अंतराळयानं बनवली, पण ब्लू-रे डिस्कवर जुनी आणि नवी दोन्ही दृश्यं ठेवली. बघणाऱ्यानं निवडायचं.

हे स्ट्रीमिंगवरही जमतं. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग कापून आले, चित्रातले काही विनोदच गायब झाले. प्रेक्षकांनी आवाज उठवला, आणि मे २०२० मध्ये ४:३ चा पर्याय आला. तुमच्या आवडत्या मालिकेत असं काही कापलेलं किंवा पुसलेलं दिसलं, तर त्या कंपनीला जरूर कळवा. आणि जुन्या डीव्हीडी असतील, तर टाकू नका.