भिंतीवरचा चौक, कागदावरचं नाव

[दृश्य: उड्डाणपुलाचा खांब. गेरूवर पांढरी वारली चित्रं. समोरून रिक्षा, टेम्पो, शाळेची बस.]

मुंबईहून उत्तरेकडे निघालात की ही चित्रं पाठ सोडत नाहीत. पुलाचे खांब, स्थानकांच्या भिंती, शाळांची कुंपणं, सार्वजनिक शौचालयंसुद्धा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं अंग. मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी. शहराने आदिवासींची कला आपल्या भिंतीवर घेतली, असं कौतुकाने सांगितलं जातं.

घेतली खरी. आता त्याच भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव शोधा. प्रायोजकाचं मिळेल, सौजन्य म्हणून पुढाऱ्याचंही मिळेल. चित्र काढणाऱ्याचं मिळालं तर नशीब समजा.

[दृश्य: डहाणूचा पूर्वपट्टा. भातखाचरं. कारवीच्या कुडाचं घर.]

डहाणू, तलासरी, जव्हार. पालघर जिल्ह्यातला हा वारल्यांचा मुलूख. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा लिंपा, त्यावर गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा आणि बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं. रंग आणि कुंचला, दोन्हींची सोय झाली.

एरवी या भिंती कोऱ्याच असत. चित्र निघायचं ते लग्नाला. लग्नघरात सवासिणी जमून चौक काढत, त्याशिवाय लग्न लागत नसे. चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या आणि आत पालघट देवी, सुफलतेची, भरभराटीची. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव. बाहेरच्या बाजूला झाडं, जनावरं, वरात, नाच. आणि हे लग्न लावणारी कोण? धवलेरी. पुरोहिताच्या जागी इथे एक बाई असते आणि मंत्रांच्या जागी तिची गाणी. बायका काढतायत, बाई गातेय, आणि देवीही बाईच.

आज ज्याला सगळं जग वारली चित्रकला म्हणतं, तिचं मूळ या चौकात आहे. शहराच्या भिंतीवर मात्र हा चौक जवळजवळ दिसत नाही. तिथे तारपा चालतो. तारपा सोपा, आनंदी आणि कुणालाही न टोचणारा.

[दृश्य: तलवाड्याचा रस्ता.]

टोचणारंही बरंच आहे इथे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढलं की नवरा-बायको त्याच्याकडे राबायला बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक निघायचा, त्याच लग्नापायी जोडपं वेठीला लागायचं. 1945 मध्ये वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या लाल बावट्याखाली त्यांच्याबरोबर उभे होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच माणसं मेली. पहिला पडला तो जेठ्या गांगड. पुलाच्या खांबांवर जेठ्या गांगड काढायला सांगणारी निविदा निघेल का, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

[दृश्य: गेरू सारवलेल्या कागदावर बारीक पांढरं काम. हात जवळून.]

भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, त्यामागे भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे एक चित्रकार होते. त्यांची गोष्ट मात्र डहाणूच्या आधी बिहारपासून सांगावी लागते.

1966-67 मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुपुल जयकर तेव्हा हस्तकलेचं सरकारी काम बघत होत्या. त्यांनी कुलकर्णींना मधुबनीला पाठवलं. तिथल्या बायका कोहबरात, म्हणजे लग्नात नवरा-नवरीसाठी सजवलेल्या खोलीत, भिंतीवर चित्रं काढत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला, म्हणजे चित्रं विकली जातील आणि घरात चार पैसे येतील. पुढे त्यातल्या एकेकीला देशाने नावाने ओळखलं. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना 1981 मध्ये, गंगा देवींना 1984 मध्ये.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी कागद घेऊन डहाणूला आले. इथेही लग्नाचीच भिंत होती आणि चित्र काढणाऱ्या बायकाच होत्या. पण असं सांगतात, की कागदावर काढायला बायका बिचकल्या आणि पुढे आला तो गंजाडच्या कळंबीपाड्याचा एक पुरुष, जिव्या सोमा मशे.

लहानपणी आई गेली आणि जिव्यांनी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते मातीत बोटाने काढून सांगत. त्या हाताला कागद मिळाला. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात चित्रं लागली. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं चित्र एकदा जवळून बघा. हजारो बारीक रेघा आहेत, पण जाळं हलतंय असंच वाटतं. ही कुणाची नक्कल नाही आणि निव्वळ परंपराही नाही. हा एका माणसाचा हात आहे. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच यादीत मधुबनीच्या महासुंदरी देवीही होत्या. 2018 मध्ये जिव्या गेले.

जिव्यांचं मोठेपण वादातीत आहे. प्रश्न त्यांच्या मागून जे झालं त्याचा. बाजार आला तसा पाड्यापाड्यांत मुलगे चित्रं काढू लागले, मुंबईला जाऊ लागले, परदेशी जाऊ लागले. मधुबनीतून बायकांची नावं वर आली आणि डहाणूतून पुरुषांची. माणूस तोच, कागदही तोच, मग फरक कुठे पडला? चौक धार्मिक म्हणून बायका थांबल्या, असं उत्तर पटकन दिलं जातं. पण कोहबरही धार्मिकच होता की! मला वाटतं, कागद कुणाच्या दारात पोचतो यावर बरंच ठरतं. मधुबनीत दुष्काळी मदत म्हणून काम घरात बाईच्या हातात आलं. डहाणूत चित्र विकायचं तर गाडी पकडून मुंबई गाठायची, गॅलरीवाल्याशी बोलायचं, मुक्काम करायचा. भात लावणी, पाणी, लाकूडफाटा आणि लेकरं सांभाळणाऱ्या बाईला ती गाडी कोण पकडू देणार होतं?

आज वारली बायका कागदावर आणि कापडावर काढतात, विकतातही. पण चित्र पुढे आणि बाई मागे, असं अजूनही पुष्कळदा घडतं. आदिवासींना कलेच्या दालनात घेतलं, तेव्हा आदिवासी बाई दाराशीच राहिली. सामावून घेण्याच्या गप्पांमध्ये हे कुणी फारसं बोलत नाही, कारण वारली या एका शब्दात सगळे आल्यासारखे वाटतात.

[दृश्य: संग्रहालयाचं दालन. काचेमागे वस्तू, खाली पाट्या.]

संग्रहालयांचं काय? पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या उघड्या आवारात वारली घर उभं आहे. थेट जपानमध्ये, नीगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात, वारली चित्रकारांनी राहून काम केलंय.

पण चौक काचेत मावत नाही. तो एका लग्नापुरता असतो. नंतर चुलीचा धूर, पावसाची ओल, आणि पुढच्या सारवणात तो पुसला जातो. भिंतीचा तुकडा आणून टांगला तरी धवलेरीचं गाणं मागेच राहतं, आणि गाण्यावाचून चौक म्हणजे अर्धंच काम. दालनात चौक ठेवायचा तर शेजारी तिचा आवाज लावा. आणि पाटीवर जमातीच्या नावाखाली काढणाऱ्या बायकांची नावंही येऊ द्या. राजा रविवर्म्याच्या चित्राखाली ‘केरळी लोक’ असं कुणी लिहीत नाही.

[दृश्य: पुन्हा शहर. दोन मजूर शिडीवर, भिंतीला गेरू लावताना.]

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघ झटला. वारली हे नाव कुणीही उठून बाजारात वापरू नये, यासाठी कायद्याचा तो आधार आहे. पण अमुक भिंत कुणी रंगवली, हे त्या मानांकनातून कळत नाही.

ते निविदेतूनच कळू शकतं. रंगाचे किती हात, चौरस फुटाला दर काय, काम किती दिवसांत, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यात चित्रकाराचं नाव आणि पाडा भिंतीवर लिहिण्याची अट घालता येते. वारली चित्र हवं असेल तर काढणारा हात वारलीच हवा, असंही लिहिता येतं. आणि एखाद्या पालिकेला तारप्याऐवजी खरा चौक हवा असेल, तर सवासिणींना पाड्यावरून बोलवावं लागेल. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि लेकरांची सोय त्याच खर्चात धरावी लागेल, आणि मानधन त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा करावं लागेल.