जाड्या-रड्यांचा टकल्या वैरी

नमस्कार श्रोतेहो. जाड्या-रड्या म्हटलं की लॉरेल आणि हार्डी लगेच डोळ्यांसमोर येतात. पण त्यांच्या सिनेमांत एक टकल्या, झुपकेदार मिशांचा गृहस्थ असायचा. एक डोळा बारीक करून दुसऱ्याने खाऊ की गिळू असं बघणारा. आठवला? तो जेम्स फिनलेसन. मिशी खोटी होती बरं का, संताप मात्र अस्सल वाटायचा.

जन्म 1887 चा, स्कॉटलंडमधल्या लार्बर्टचा. नाटकातून अमेरिकेत, तिथून सिनेमात, आणि मग हॅल रोचच्या स्टुडिओत. खरं तर रोचला यालाच मोठं करायचं होतं. मोठे झाले ते दुसरेच दोघं, आणि हा त्यांच्या वाटेत आडवा येणारा म्हणून तीसहून जास्त सिनेमांत झळकला.

1929 चा ‘बिग बिझनेस’ मिळाला तर बघाच. छोटासा मूकपट आहे. कॅलिफोर्नियात जाड्या-रड्या दारोदार ख्रिसमसची झाडं विकत फिरताहेत. फिनलेसन ‘नको’ म्हणून दार लावतो, तर झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा बेल. पुन्हा तेच. शेवटी तो कातर आणून झाडच छाटतो, आणि मग काय विचारता! हे त्याचं घर फोडतात, तो यांची मोटार मोडतो. यातली खरी गंमत म्हणजे एकाची मोडतोड चालू असताना दुसरा मध्ये पडत नाही. शांतपणे बघतो आणि आपल्या पाळीची वाट पाहतो. फिनलेसनचं ते बघणं, त्यातच माझ्या मते निम्मा सिनेमा आहे.

‘डबल टेक’ हा त्याचा हुकमी एक्का. आधी सहज बघायचं, नजर वळवायची, आणि काय बघितलं ते डोक्यात शिरलं की झटक्यात मान फिरवायची. हे मी रेडिओवर दाखवू शकत नाही, पण बोलपट आल्यावर त्याने वैतागून काढलेला आवाज ऐकवू शकतो: ‘डोऽऽऽ!’ शिवी हासडायची सोय नव्हती, म्हणून तिच्याऐवजी हा.

पुढे कामं लहान होत गेली. 1953 मध्ये तो वारला. बऱ्याच वर्षांनी ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेत होमरचा आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटासमोर संहिता आली. तिच्यात नुसतं लिहिलेलं, ‘वैतागाचा हुंकार’. त्याला फिनलेसन आठवला. तो लांबलचक ‘डोऽऽऽ’ ऐकून मालिकेचे निर्माते मॅट ग्रोनिंग यांनी एवढंच सुचवलं, की जरा आखूड कर.