जुना लॅपटॉप: आधी तपासा, मग उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो, ब्राउझर उघडला की अडकतो, म्हणून तो मोडीत काढायचं ठरवलं असेल तर थोडं थांबा. सात-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याला खोळंबून ठेवते ती जुनी हार्ड डिस्क. म्हणून आमचं ठाम मत असं, की पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करावा; रॅमचं, म्हणजे चालू कामं तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीचं नंतर बघावं.

आधी खात्री करून घ्या. रोजची कामं चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा; डिस्क आणि मेमरी किती वापरात आहे ते तिथे दिसतं. डिस्क सतत 100 टक्क्यांवर आणि मेमरी निम्मीच भरलेली, तर अडचण डिस्कची. मेमरीही 90 टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅमसुद्धा वाढवायला हवी, कारण रॅम अपुरी पडली की सिस्टिम तो भार डिस्कवरच टाकते.

2.5 इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच जोडणी असलेली, जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते. ती साधारण 7 मिलिमीटर जाड असते. जुनी डिस्क 9.5 मिलिमीटरची असेल तर नवी सैल बसते, तेव्हा सोबत स्पेसर, म्हणजे उरलेली जागा भरणारी पातळ चौकट, लावा. एम डॉट टू स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा, असेल तर जास्त जपून. साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई, दोन्ही पट्ट्या 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब मिळतात, दिसायला जवळजवळ सारख्याच. पण फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. खरेदीआधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वाचा.

रॅममध्ये लोक फसतात ते व्होल्टेजवर. डीडीआर3 या प्रकारच्या रॅमला 1.5 व्होल्ट लागतात, तिचीच कमी व्होल्टेजची बहीण डीडीआर3एल 1.35 वर चालते, आणि दोघींची खाच एकाच जागी असते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या, डीडीआर3 जातीची रॅम घेणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपना 1.35 वालीच लागते. 1.5 वाली बसते नीट, पण मशीन सुरू होत नाही. लेबलवर ‘पीसी3एल’ लिहिलेलं बघूनच घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा विषयच संपतो.

आता उघडायचं. बॅकअप घ्या, लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो, कधी बोर्डही जातो. झाकण निघालं की पहिली नजर बॅटरीवर. ती फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, बदलणं आलंच. चांगली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण 15 सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.

रिबन केबल, म्हणजे आतली चपटी पातळ वायर, कधीही नुसती ओढू नका. तिच्या तोंडाशी बारीक काळी किंवा पांढरी पट्टी असते. ती नखाने उचलली की केबल अलगद सुटते. रॅम साधारण 30 अंशांत तिरकी सरकवा, सोनेरी कडा जवळजवळ पूर्ण आत गेली की खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत.

उघडलंच आहे तर पंखाही साफ करा, पण हवा मारताना पाती बोटाने धरून. प्रोसेसर आणि हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकून खडू झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. हीटसिंकचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या क्रमानेच, थोडे-थोडे आवळा. आजूबाजूच्या चिपवरचे मऊ थर्मल पॅड फेकून तिथे पेस्ट लावू नका; पॅडच्या जाडीची फट पेस्टने भरत नाही.

बॅटरीचा कनेक्टर पुन्हा जोडा, झाकण नुसतं टेकवा आणि लॅपटॉप सुरू करा. नव्या रॅमने पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. त्यानंतरही काळाच राहिला तर बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवून, रॅम काढून घालून बघा. मग एकावेळी एकच पट्टी, आळीपाळीने दोन्ही स्लॉटमध्ये. बिघाड पट्टीत की स्लॉटमध्ये, ते कळतं. सगळं सुरळीत चाललं की मगच स्क्रू लावा.