फुलाच्या आसपासची जमीन

(पडद्यावर: जमिनीलगत फुललेल्या ऑर्किडचा अगदी जवळून घेतलेला फोटो)

फोटो सुरेख आहे. तो काढणाऱ्याने गुडघे कुठे टेकले होते, ते मात्र यात दिसत नाही.

ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, पण एकीतही रोपाला पुरेल इतकं अन्न नसतं. मातीतल्या योग्य बुरशीशी गाठ पडली तरच ती रुजते. जमिनीवरच्या कित्येक जातींची रोपं मग पानं फुटण्याआधी दीर्घकाळ, कधी काही वर्षं, मातीखालीच वाढतात. म्हणून एका फुललेल्या झाडाभोवती आपल्याला न दिसणारी पुढची पिढी असू शकते. माणसं फुलाला जपतात आणि नेमकी हीच पिढी तुडवतात. माती दबली की तिच्यातली हवा कमी होते, आणि ते बुरशीलाही सोसत नाही. वर कुणी फ्रेममध्ये आलेलं गवत उपटतं. फुलाचा आडोसाही गेला!

उपटून नेणारे तर वेगळेच.

ब्रिटनमधल्या ‘लेडीज स्लिपर’ या ऑर्किडची गत त्यांनीच केली. हौसेपायी इतकी झाडं खणून नेली, की १९१७ मध्ये ते नामशेष झाल्याचं मानलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एक झाड सापडलं. त्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवला गेला आणि राखणही बसली. पुढे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बियांपासून रोपं तयार केली. लँकेशरमधल्या गेट बॅरोज या राखीव क्षेत्रात अशी लावलेली झाडं लोकांना पाहता येतात. मला हा तोडगा पटतो: बघणाऱ्यांसाठी एक जागा खुली, बाकीच्या झाडांचा पत्ता झाकलेला.

कारण आता चोराला रान धुंडाळावं लागत नाही. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. दुर्मीळ फूल दिसलं तर लोकेशन बंद करा, पायवाट सोडू नका, आणि कळवायचंच तर राखीव क्षेत्राच्या कर्मचाऱ्यांना कळवा, ग्रुपवर नको. दिसेल असं कुंपण घालणंही दुधारी असतं. गर्दी थांबते, पण चोराला खूण मिळते.

आणि जपायचं म्हणजे हातच लावायचा नाही, असंही नाही. गवताळ जागेतल्या ऑर्किडांना झुडपं माजली की ऊन मिळत नाही. तिथे गवत कापावंच लागतं, फक्त बोंडं पिकून बी उडून गेल्यावर.