माणशी पाणी

१२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याची पहिली रेल्वेगाडी मिरजेहून लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. आपण भागाकार केला तर माणशी सव्वा लिटर येते, म्हणजे तांब्याभर पाणी, आणि तेही सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आणलेले. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. तरी वाटा अर्ध्या बादलीच्या वर गेला नाही.

अशा वेळी ‘माणसे फार झाली’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते खोटे नाही. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये ३.२ कोटी लोक होते, २०११ मध्ये ११.२४ कोटी झाले. पाऊस काही साडेतीन पटींनी वाढला नाही, आणि पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत आपला काळा पाषाण मुळातच कृपण. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.७ वर, म्हणजे पिढी जेमतेम भरून निघण्यास लागणाऱ्या २.१ च्याही खाली आला आहे. पाळणा लांबला, उसाची तहान मात्र लांबली नाही. (लातूर हा साखर कारखान्यांचाही जिल्हा आहे, हे मी केवळ माहितीसाठी सांगतो.)

म्हणून मला पुरंदर तालुक्यातल्या नायगावची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेतली, बांध घातले, पाझर अडवला, आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. बांध पुष्कळांनी घातले आहेत. साळुंख्यांचे वेगळेपण वाटपात होते. पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता माणशी द्यायचे, एका माणसामागे अर्ध्या एकराचे, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांच्या वर नाही. म्हणजे पाच माणसांपर्यंत मोजणी, सहाव्याला वेगळा वाटा नाही. हे सहाव्यावर अन्यायाचे आहे, असे कोणी म्हटले तर माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. पण वीस एकरवाल्यालाही तीच मर्यादा होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ऊस लावायला बंदी होती. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क होता आणि त्या हक्काच्या बळावर तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकत असे. कोणी जमीन विकली, तरी पाणी तिच्याबरोबर विकले जात नसे. ते पंचायतीकडे परत येई.