आठाचा तीन झाला आणि डबी सापडली

नमस्कार मंडळी! गाडीत ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मी तुम्हाला थडग्यांवरचे आकडे वाचायला नेतेय. घाबरू नका, दिवसाउजेडी जायचंय.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला. इथं ब्रॉडवेवर शहराची जुनी सिमेट्री आहे, १८४९ ची, म्हणजे सोन्याच्या नादानं दुनिया इथं लोटली त्याच वर्षीची, आणि जागा दिली जॉन सटरनं, ज्याच्या लाकूड गिरणीपाशी ते सोनं सापडलं तोच. एप्रिलमध्ये तिथं जुन्या जातीचे गुलाब असे काही फुलतात की आपण कुठं आलोय तेच विसरायला होतं.

तर मागच्या एप्रिलमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. मी म्हटलं चला, जिओकॅशिंगला जाऊ. आता हे काय, तर कुणीतरी डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश ऑनलाइन टाकतं, आपण जीपीएस घेऊन शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तिथं परत ठेवायची, बास. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ तारखेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली, तिथून हे खूळ सुरू झालं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्मशानात कसले खेळ? घरी आलं की आधी आंघोळ करायची, सांगून ठेवते."

ही कॅश, म्हणजे अशी लपवलेली डबी, मात्र जरा वेगळी होती. डबी सिमेट्रीच्या बाहेर, उगाच कुणी थडग्यांत हात घालत बसू नये म्हणून, आणि तिचा पत्ता आतल्या दगडांवर. या दगडावरच्या जन्मसालाचा शेवटचा आकडा, त्या दगडावरच्या मृत्यूच्या सालाचा तिसरा, असे गोळा करत हिंडायचं. वाटेत विल्यम हॅमिल्टनचं थडगं लागतं, अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, त्याचा मुलगा, १८५० च्या कॉलऱ्यात गेला. आणि सटरचा मुलगा, धाकटा जॉन, ज्यानं हे शहर वसवलं, एका बाजूला ए, बी, सी आणि आडव्या बाजूला एक, दोन, तीन असे रस्ते, म्हणजे जीपीएस यायच्या दीडशे वर्षं आधी आख्ख्या शहरालाच कोऑर्डिनेट्स देऊन ठेवलेले! तो गेला मेक्सिकोत, १८९७ ला, आणि इथं आणला १९६४ ला. बाप अजून पेनसिल्व्हेनियातच आहे. असो.

आकडे जुळवले आणि फोनच्या बाणामागं निघाले, तर थेट एका पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यापाशी! मी वाकून डब्यामागं बघतेय, एक माणूस कॉफी पीत माझ्याकडं बघतोय. पंधरा मिनिटं शोधलं, काही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "परत चल. त्या पोरीचा दगड मला पटला नाही."

एका लहान मुलीचा संगमरवरी दगड होता, शेवाळलेला, मी जन्मसाल १८५८ वाचलं होतं. (खडूनं किंवा ब्रशनं घासून वाचायचं नाही हं, दगड झिजतो.) सासूबाई बाजूला उभ्या राहिल्या, तिरप्या उन्हात बघितलं. "गेली १८६० ला, खाली वय सात लिहिलंय. मग अठ्ठावन्न कसं? त्रेपन्न!"

आठाचा तीन. अक्षांश अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि त्या मिनिटाच्या दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा पाचनं चुकला तर उत्तर-दक्षिण नव्वद-ब्याण्णव मीटरचा फरक पडतो, बरोब्बर तेवढीच मी भरकटले होते. मग सापडली डबी, कुंपणाच्या लोखंडी पट्टीला मागून चुंबकानं चिकटवलेली, बोटाच्या पेराएवढी. कागदावर मी इंग्रजीत सही केली, सासूबाईंनी मराठीत, आणि तारखेपुढं बारीक अक्षरात लिहिलं, 'वय वर्षे सात'.

घरी येईपर्यंत गाडीत काही बोलल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "आधी तू जा आंघोळीला, मी चहा टाकते."