होडीचं मशीन फळीवर बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, की होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. पावसाळाभर घरात ठेवलेलं आऊटबोर्ड मशीन मागच्या फळीवर चढतं, आणि बहुतेक वेळा अंदाजानेच चढतं. मग होडी एका अंगाला ओढते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपटते, मशीन वळवायचा दांडा धरून हात भरून येतो आणि बोल मशीनला लागतो. खरी चूक बसवण्यात असते.

आधी उंची बघा. पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. होडीच्या तळाला सरळ लाकडी पट्टी लावून ती मशीनपर्यंत न्या. मशीनची पट्टी तळाच्या रेषेत, किंवा तिच्या खाली जास्तीत जास्त 25 मिलिमीटर हवी. मशीन वर राहिलं तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतंच किंचाळतं आणि होडीचा जोर जातो. फार खाली गेलं तर पाणी उडतं, वेग मरतो, तेल जास्त जळतं. फळी 15 इंच उंच असेल तर आखूड शाफ्टचं, म्हणजे फळीपासून पंख्यापर्यंत आखूड असलेलं मशीन लागतं, 20 इंच उंच असेल तर लांब शाफ्टचं. स्वस्तात मिळालं म्हणून भलतंच उचलू नका.

मग मशीनचा कल. मशीन फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या भोकांतली पिन मशीन बंद करूनच हलवा, एका वेळी एकच भोक. होडी नेहमीच्या वेगात असताना ती पट्टी पाण्याला समांतर राहिली पाहिजे. नाळ उचलून होडी उड्या मारत असेल तर पिन फळीच्या बाजूला घ्या. नाळ पाण्यात घुसत असेल तर उलट. पण त्याआधी जाळी आणि बर्फाची पेटी कुठे ठेवलीत तेही बघा. सगळा भार मागे असेल तर पिनचं काय चालणार?

होडी उजवीकडे ओढत असेल तर पंख्याच्या वर असलेल्या छोट्या फिनचं मागचं टोक थोडं उजवीकडेच वळवा, बोल्ट घट्ट करा आणि पुन्हा चालवून बघा. ही फिन बऱ्याच मशीनवर गंज रोखणाऱ्या धातूची असते, तिला रंग लावू नका.

दांड्याचा स्क्रू हात सहज फिरेल इतपतच आवळा. तो पार सैल ठेवला तर हात सुटताच मशीन एका अंगाला वळतं, होडी गोल फिरते आणि पाण्यात पडलेल्या माणसावरच परत येते. म्हणून ओढली की मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला बांधायचीच. निघण्यापूर्वी मशीन न्यूट्रलमध्ये चालू करून ती ओढून बघा. मशीन बंद पडलं नाही, तर स्विच दुरुस्त होईपर्यंत होडी काठावरच ठेवा. आणि दोरीची जादा क्लिप होडीत हाताशी असू द्या. पडलेल्याच्या अंगावरच दोरी गेली, तर मागे राहिलेल्याला मशीन चालू करून त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.